चार तासांचं मटण

घरात गॅस होता, पण सासऱ्यांच्या जिभेचा दरारा असा, की रविवारचं मटण चुलीवर चार तास शिजलेलंच लागे. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सासूबाईंनी नव्या सुनेला परसातल्या चुलीपाशी बसवलं. तिने पातेल्यावरचं झाकण उचललं. आत नुसतं पाणी उकळत होतं.

"झाकण ठेव," सासूबाई म्हणाल्या. "मटण कधीच झालंय. हे सकाळी फिरायला गेले, तेव्हाच कुकर लावला." मग लाकडांच्या ढिगामागून त्यांनी पत्त्यांचा कॅट काढला. "धुरामुळे एक पुरुष इकडे फिरकत नाही. पिस."

दुपारी सासऱ्यांनी बोटं चाटली. "कुकरला जन्मात ही चव यायची नाही, सूनबाई."

"तरी आज जरा घाईच झाली," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी पाच तास ठेवू."