आपोआप उगवलेली टेकडी

एकोणिसाव्या टेकडीवरही काही उगवलं नव्हतं.

बाई कुंपणाच्या आत तासभर वाकून फिरल्या. गवत होतं, काटेरी झुडपं होती, पावसाने पाडलेल्या घळी होत्या. झाडाचं एकही रोप नव्हतं. खालच्या वस्तीतली एक म्हातारी त्यांच्यामागून धापा टाकत चढून आली. गेल्या पावसाळ्यात याच उताराची माती सुटून तिच्या लेकाचं घर गाडलं गेलं होतं. लेक, सून, दोन नातवंडं. ती भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "झाडं परत येतील असं कुठल्याशा कागदात लिहिलंय म्हणतात. कधी येतील?"

तो कागद बाईंचाच होता. त्यांनी ते सांगितलं नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वीचा शोधनिबंध तो. म्हणणं साधं होतं: तोडलेल्या टेकडीला कुंपण घाला, गुरं आत येऊ देऊ नका, चार वर्षांत जंगल आपोआप परत येतं. काही लावायची गरज नाही. इतकं सोयीचं सत्य कुणाला नको असतं? दोन हजार एकशे चाळीस ठिकाणी त्याचा हवाला दिला गेला होता. त्यात संशोधक होते, पाठ्यपुस्तकं होती, खाणवाल्यांचे अहवालही होते. झाडं तोडायची, तार ठोकायची, त्या निबंधाकडे बोट दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. अशाच टेकड्या बाई आता एकेक करून बघत होत्या. विभागात बाईंना मागून 'दोनहजारी बाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि कालपरवापर्यंत आवडतही होतं.

सगळ्यात जास्त कौतुक वडिलांना. सार्वजनिक बागेत माळीकाम करून आप्पांनी आईविना पोरीला शिकवलं होतं. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसे ते अजूनही दर रविवारी विचारत, की आता आकडा कुठवर गेला.

टेकडीवरून परतल्यावर बाईंनी रजा टाकली आणि ज्या टेकडीवरून निबंध लिहिला तिच्या जुन्या वह्या काढल्या. आठ दिवस चूक शोधण्यासाठी जिवाचं रान केलं. पहिल्या तीन वर्षांच्या पानांवर नुसती शून्यं. तेव्हा, त्या तीन वर्षांत, बाईंची अन्नावरची वासना उडाली होती. पीएचडी सोडून मिळेल ती नोकरी धरायची, हेही ठरलं होतं. आप्पा सुट्टीच्या दिवशी सोबत त्या टेकडीवर येत आणि एका दगडावर गप्प बसून राहत. चौथ्या पावसाळ्यात कुंपणाची किल्ली त्यांच्याकडे देऊन बाई तीन आठवडे प्रशिक्षणाला परगावी गेल्या. परत येऊन बघतात तर तीनशे बारा रोपं. त्या दिवशी त्या उतारावर लहान मुलीसारख्या धावल्या होत्या.

प्रत्येक रोपाचा क्रमांक होता, उंची होती, तारीख होती. एकही आकडा खोटा नव्हता. चूक सापडली असती तर बरं झालं असतं. चूक निदान कबूल करता येते. इथे सगळं खरं होतं, आणि तरी माणसं गाडली जात होती.

विभागप्रमुखांनी दार लावून घेऊन समजावलं, की माती वेगळी असेल, पाऊस वेगळा असेल, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, कशाला उगाच अंगावर ओढवून घेता. बाईंनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन नियतकालिकाला पत्र लिहायला बसल्या. निबंध मागे घ्यावा, ही विनंती. पुढे कारण लिहायचं होतं. पेन तिथेच अडलं.

टेबलापलीकडे आप्पा मटार सोलत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, पण हात अजून स्थिर. बापाचा एकुलता एक अभिमान हिरावून घ्यायला इतके दिवस बाईंची जीभ रेटत नव्हती. आज त्यांनी सगळं सांगून टाकलं. एकोणीस टेकड्या, ती म्हातारी, ते घर.

आप्पांचे हात थांबले.

"किती माणसं म्हणालीस?"

"त्या एका घरात चार."

हातातली शेंग त्यांनी न सोलताच परत ढिगात ठेवली. बाईंना वाटलं, यांना धक्का बसला. सांगायला नको होतं. त्यांनी आप्पांच्या हातावर हात ठेवला.

"आप्पा, मी खोटं नव्हतं हो लिहिलं. तुम्ही तर तिथे होतात. रोपं आली होती."

"तू खोटं नाही लिहिलंस," आप्पा म्हणाले. "पण ती आली नव्हती, बाळ. तू परगावी होतीस, तेव्हा मी लावली होती."