कुठल्याही पाळीला तयार

एकोणीसशे पंच्याहत्तर साली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली इंदुमती रात्रपाळी संपवून आली आणि गणवेशातच नोकरीसाठी बायोडेटा लिहायला बसली. डोळे मिटत होते.

“शेवटी ‘कुठल्याही पाळीला तयार’ असं घाल,” शिकवणाऱ्या डिमेलो सिस्टर म्हणाल्या. “नाहीतर कागद टोपलीत जातो.”

“सिस्टर, माझं लग्न ठरलंय. सासूबाईंची अटच आहे, सून रात्री घरात हवी.”

“मग नोकरी त्यांच्याकडेच माग, बाई.”

विचार करायचंही त्राण नव्हतं. इंदुमतीनं ते वाक्य लिहिलं आणि टेबलावरच डोकं टेकलं.

नोकरी लागली, लग्न मोडलं. त्या मुलानं एका शिक्षिकेशी संसार थाटला. सिस्टर निवृत्त होऊन वसईला गेल्या. इंदुमती एकटीच राहिली. पस्तावलीस का, असं भाच्या विचारतात, तेव्हा म्हणते, “त्या दिवशी फार झोप आली होती गं.”