तिन्ही गावांतली खिडकी

प्रत्येकाने मरण्यापूर्वी एकदा तरी मध्ययुग पाहून यावं. फक्त पार्किंग जवळ असावं.

फ्रान्समधली जुनी दगडी खेडी मी एकटाच पाहून आलो. मुलीच्या बाळंतपणासाठी बायको, लता, इथे टूनगॅबीला घरीच थांबली होती. तिला निदान टीव्हीवर तरी सगळं दिसावं, म्हणून मी फोटो लावले.

पहिल्या गावाच्या फोटोत उंच खिडकीत एक बाई बाळाला थोपटत उभी होती. दुसऱ्या गावातही तीच दिसली. तिसऱ्या गावचा फोटो मी मोठा केला.

ती लता होती. खांद्यावर आमचा नातू होता.

टीव्हीसमोर माझे नकळत हात जोडले गेले.

"वर फार गार वारा होता हो," मांडीवरच्या नातवाला जोजवत लता म्हणाली. "पुढच्या वेळी याचं टोपरं तेवढं न्या."