ताठ बसवणारा पट्टा

बायको गेल्यानंतर अठराव्या दिवशी शिंप्याच्या लक्षात आलं, की पट्टा बंद पडलाय. सकाळपासून तो मशीनवर वाकून एका कोटाला अस्तर लावत होता. दुपारी उठायला गेला तर पाठ सरळ होईना. पट्टा एकदाही थरथरला नव्हता.

पट्टा बायकोनंच आणला होता. त्याआधी ती दिवसातून वीस वेळा "अहो, ताठ बसा" म्हणायची आणि तो खेकसायचा. शेवटी एक दिवस तिनं हा पट्टा त्याच्या कमरेला बांधला.

"आता मी बोलणार नाही. वाकलात की हाच थरथरेल. यंत्र आहे, त्याच्याशी भांडून दाखवा."

भांडता येईना. पट्टा थरथरला की तो मुकाट्यानं ताठ व्हायचा. "तुझ्यापेक्षा हा बरा," म्हणायचा, "टोमणे तरी मारत नाही." ती त्याच्या मागे बसून काज-बटणं करायची. मान वर न करता हसायची. ती स्वयंपाकघरात गेली की पट्टा गप्प असायचा. ती समोर नसली की आपण नीट बसतो, असा शिंप्यानं त्याचा अर्थ लावला होता, आणि तो तिला ऐकवलाही होता.

दवाखान्यात निघताना तिनं पिशवीत चष्मा, फणी आणि बटणांच्या डब्यातलं एक काळं, बिनभोकाचं बटण टाकायला सांगितलं. त्यानं टाकलं. तापात माणूस काहीही मागतो.

तिथंही पट्टा चुकला नाही. शेवटच्या संध्याकाळी तो तिच्या खाटेच्या कडेवर डोकं टेकून बसला होता. तिचा डोळा लागलाय असं त्याला वाटलं होतं. पट्टा थरथरला. तो ताठ बसला. मेल्याला वेळकाळ कळत नाही, असं मनात म्हणाला.

दुरुस्तीवाल्यानं पट्टा उसवला, आतल्या दोन तारा एकमेकींना लावल्या. पट्टा टेबलावर थरथरत फूटभर सरकला.

"याला काही झालेलं नाही, मास्तर."

"मग मी वाकल्यावर थरथरत का नाही?"

"वाकलेलं याला कळतच नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी असतो हा. हाक मारायला. लांबून कुणी बटण दाबलं की थरथरतो."

"मला चांगलं ऐकू येतं."

"मग घेतलात कशाला?"

शिंप्यानं पट्टा उचलून उलटसुलट करून पाहिला.

"बटण असेल बघा घरात. काळं, कोटाच्या बटणाएवढं. घेऊन या. नुसता सेल संपला असेल त्याचा."

दुरुस्तीवाल्यानं चार टाके घालून दिले. वेडेवाकडे होते, पण शिंप्यानं नावं ठेवली नाहीत. पट्टा तिथंच कमरेला बांधला आणि तो घरी आला.

कोट वेळेवर झाला. गिऱ्हाईक घेऊनही गेलं. पट्टा तो रोज रात्री चार्जिंगला लावतो आणि सकाळी बांधतो. दवाखान्यातून आणलेली पिशवी दारामागच्या खुंटीला आहे. ती उघडायची राहिली आहे.