निमूट यंत्र

छातीतला कफ सुटावा म्हणून फिजिओने आयसीयूतल्या आजोबांना कुशीवर वळवलं, तसा व्हेंटिलेटर बोंबलायला लागला. “गप्प कर गं त्याला, कान किटले,” सिस्टर म्हणाली. कफ काढताना नळीतला हवेचा दाब चढतोच, आणि यंत्र ओरडतं. फिजिओने रोजच्यासारखी दाबाच्या अलार्मची मर्यादा वाढवली. यंत्र निमूट झालं. बाळाला निजवावं तशी ती पाठ थोपटत राहिली. कफ निघाला, आजोबांना उताणं झोपवलं. मर्यादा मात्र खाली आणायची राहिली. काचेबाहेर त्यांची लेक उभी होती. “बघ, तुझ्या हाताखाली कसे शांत झोपलेत,” सिस्टर फिजिओकडे बघून हसली. फिजिओने सवयीने दोन्ही तळवे त्यांच्या छातीवर ठेवले. उजवी बाजू श्वासासोबत फुलली. डावी जागची हलली नाही. वळवताना घशातली नळी आत सरकली होती. सगळी हवा एकाच फुफ्फुसात कोंबली जात होती, आणि वाढवलेल्या मर्यादेमुळे यंत्र निमूटच होतं. “सिस्टर, डॉक्टरांना बोलवा, पळा!” काचेपलीकडून, यातलं काहीच ऐकू न आलेली लेक फिजिओला आभाराने हात जोडत होती.