निम्मं रगत

रिपोर्ट यायच्या आधीच बानूबाईनं लेकीच्या फिटवरची नवी गोळी स्वतः खाऊन पाहिली. तिचं रक्त तपासायला पुण्याला गेलं होतं. हजारो लोकांच्या जनुकांशी पडताळून गोळी तिला मानवेल का, याचा अंदाज येणार होता. तोवर गोळी सुरू करायची नव्हती, पण पोरीचे झटके आवरेनात. मेंढरांचं नवं औषध बानूबाई आधी एकाच मेंढीला पाजायची, मग कळपाला. स्वतःला आठवडाभर काही झालं नाही, तशी लेकीलाही गोळी सुरू केली. आज धाराशिवला रिपोर्ट वाचून डॉक्टरीणबाई दचकल्या. “मावशी, गोळी दिली नाही ना?” “आधी म्या खाल्ली. माझंच रगत हाय तिच्यात.” “निम्मं तुमचं. निम्मं वडलांचं. ते कशानं गेले?” “त्यास्नीबी फिट यायची. गोळ्या चालू केल्या आन् अंगभर फोड उठले. देवी कोपली म्हनले समदे.” बानूबाईनं वळून पाहिलं. शेजारी लेक मान खाजवत होती.