अपडेटनंतर

"अप्पा, आता काय लिहून आलं? एकेक अक्षर वाचा," हर्षला पुण्याहून फोनवर म्हणाली.

देवरुखला अप्पा बटणांचा फोन कानाशी धरून लॅपटॉपच्या पडद्यावरचं सावकाश वाचू लागले. "एन, ओ, मग मोकळी जागा, डी, ई..." ती पुढचं समजली. सकाळच्या अपडेटनंतर लिनक्सला त्या जुन्या लॅपटॉपमधलं वायफायचं कार्डच सापडेना. व्हायरसचा त्रास नको म्हणून विंडोज काढून लिनक्स तिनंच घातलं होतं. मागच्या आवृत्तीवर परत जाता आलं असतं, पण जागा अडते म्हणून तीही तिनंच महिन्यापूर्वी पुसली होती.

आपल्याकडच्या साडेनऊला मेलबर्नमध्ये अप्पांच्या थोरल्या भावाचे अंत्यसंस्कार सुरू होणार होते आणि ते इंटरनेटवर थेट दिसणार होते. नऊ पंचवीस झाले होते.

"नाही जमत हो, अप्पा. मी इथं बघते आणि तुम्हाला सांगते."

तिच्या पडद्यावर फुलं दिसली, माणसं दिसली, मग उघडी शवपेटी. काकांना ती आयुष्यात दोनदाच भेटली होती. कोट काळा आहे, एवढंच तिला सांगता आलं.

"चष्मा आहे का डोळ्यांवर?" अप्पांनी विचारलं.

"नाही."



"चष्म्याशिवाय त्याला समोरचा माणूस दिसायचा नाही गं. कुणाला तरी सांग ना घालायला."

तिला तिथलं फक्त बघता येत होतं. तिचा आवाज तिकडे पोचणार नव्हता.

"सांगते," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "घातला, अप्पा."